टोपलीतला लेखक

व्यंगचित्रकार मार्सियालने टेबलावरचे कांदे बाजूला सारले आणि पिशवीतला कागद उलगडून पसरला. एव्हारिस्त चष्मा शोधू लागला. तो कपाळावरच होता.

चित्रात एव्हारिस्तच होता. भोपळ्याएवढं डोकं, खाली वीतभर धड, हातात फाटका झेंडा. आणि हा क्रांतिवीर बाजाराच्या टोपलीत, कोबी-गाजरांत बसवलेला. टोपली एका धिप्पाड बाईच्या दंडावर लटकत होती. बाई म्हणजे त्याची बायको क्लोतिल्द, हनुवटीवरच्या तिळासकट.

"परवानगी लिहून हवी," मार्सियाल म्हणाला. "त्याशिवाय सरकारी कचेरी चित्र छापू देत नाही. तुमच्या अक्षरातच चित्राखाली छापतो आम्ही. चारच्या आत मिळाली नाही, तर दुसऱ्या कुणाचं चित्र जाईल."

"मंत्र्यांवर पुस्तक लिहिलं मी. आता मंत्र्यांच्या साप्ताहिकाला माझी टिंगल करायची परवानगीही मीच द्यायची?"

"कायदा त्यांचा, साहेब. मी नुसती नाकं काढतो."

एव्हारिस्तला हसू आलं. अकरा वर्षांनी त्याचं पुस्तक निघालं होतं. महिना उलटला, तरी एकाही वृत्तपत्राने त्यावर ओळ छापली नव्हती. हे चित्र मात्र पॅरिसभर दुकानांच्या काचांत लागेल. लोक हसतील, पण हसता हसता नाव तरी वाचतील. त्याने टाक उचलला.

"बाईंचीही लागेल," मार्सियाल चाचरत म्हणाला. "चित्रात असेल त्या प्रत्येकाची."

एव्हारिस्तने टाक खाली ठेवला. चाळीस वर्षं त्याची गिचमिड क्लोतिल्दने सुवाच्य अक्षरात उतरवून दिली होती. तिचं नाव कधी कुठे छापलं नव्हतं. आणि आता छापायचं, ते असं?

"राहू दे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं छापा."

"काय राहू दे?"

क्लोतिल्द एप्रनला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि कागदावर वाकली. आत सूपवरचं झाकण थडथडत होतं.

"माझे दंड एवढे आहेत?"

"वाढवावं लागतं, बाई. धंदाच तो."

"आणि ह्यांचं डोकं?"

"ते... फारसं वाढवलेलं नाही."

तिच्या हनुवटीवरचा तीळ किंचित हलला. एव्हारिस्त तिच्याकडे बघायचं टाळत राहिला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग टाकाची कुरकुर. तिने ओळीवर फुंकर घातली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला. छापखान्यातल्या जुन्या माणसांना पाठ असलेलं तेच गोल, उभं अक्षर होतं.

'आमची हरकत नाही. मात्र ह्यांच्या गळ्यात मफलर दाखवावा, बाजारात वारा फार असतो. क्लोतिल्द लाबोर्द.'

"हे असंच छापून येईल हं, बाई," मार्सियाल म्हणाला. पेन्सिल त्याने काढलीच होती.

"येऊ दे. आणि नुसता टाकू नका गळ्यात. दोन वेढे द्या. खोकतात रात्रभर."

एव्हारिस्तने सवयीने टाक उचलला. तिने उतरवलेल्या पानांवरही तो शेवटपर्यंत खाडाखोड करत असे. टोक 'फार'वर येऊन थांबलं. त्याने ओळ पुन्हा वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

खोडण्यासारखं काही नव्हतं. तिच्या नावाखाली, बरीच जागा सोडून, त्याने बारीक अक्षरात आपली सही केली.