गालावर काहीच नाही

चष्म्याच्या दुकानात ती फ्रेममध्ये काचा बसवायची. आधी तिची बोटं आखडली. सकाळी बारीक स्क्रू चिमटीत धरवेना. मग पाय सुजले, चपलांचे पट्टे रुतायला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांना एका आजाराची शंका आली, म्हणून त्यांनी तिला उजेडात नेऊन चेहरा निरखला. त्यांना खूण हवी होती ती नाकावरून दोन्ही गालांवर पसरणाऱ्या लाल पट्ट्याची. तिचा रंग गडद सावळा. "गालावर तर काहीच नाही," ते म्हणाले आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन त्यांनी तिला घरी पाठवलं.

मग सगळ्यांनी तेच धरलं. दुकानाचे मालक म्हणाले, "बाळसं धरलंय की!" धाकटा भाऊ लांब राहायचा, तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ताई, तोंड तर छान भरलंय. उगाच काय अंथरूण धरतेस?"

ते बाळसं नव्हतं, अंगात साठलेलं पाणी होतं. लघवीला साबणासारखा फेस यायला लागला, तेव्हा ती आपणहून मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथे आजाराचं नाव कळलं. ल्युपस. राखणदारच घरावर उलटावा, तशी शरीराची राखण करणारी शक्ती शरीरावरच उलटते. तिच्या बाबतीत ती किडन्यांवर उलटली होती.

"अजून थोडं थांबला असतात, तर किडन्या हातच्या गेल्या असत्या," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भावाला कळवलं, तर त्याने आधी आवाज खाली आणला. मग म्हणाला, "एवढ्यात कुणाला सांगू नकोस, ताई. पोरीचं लग्न जमतंय. घराण्यात आहे म्हणतील." त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले. तिनेही करायचं सोडलं.

हॉस्पिटलात ल्युपसच्या रुग्णांची बैठक भरते, असं तिला कळलं. ती ठेवणीतले कपडे घालून गेली. आपल्यासारखं कुणीतरी भेटेल, एवढीच आशा.

देशोदेशीहून त्या शहरात आलेल्या बायका जमल्या होत्या. खिडकीपासून लांब, कोपऱ्यात, मोठी टोपी घातलेल्या एक गोऱ्यापान युरोपी बाई बसल्या होत्या. त्या पोहायला शिकवायच्या. त्यांच्या गालांवर तो लाल पट्टा होता, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. "जरा ऊन लागलं की अंग पेटतं," त्या म्हणाल्या. "आमचा तलाव उघड्यावरचा. नोकरी सुटलीच."

शेजारी बस चालवणारी एक काळीसावळी, धिप्पाड बाई होती, आफ्रिकी वंशाची. तिने डोक्याचा रुमाल सोडला. टाळूवर गोल गोल पांढुरके वण होते आणि तिथे केस उगवत नव्हते. "नवऱ्याच्या आधी केसांनीच काडीमोड घेतला!" ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

हिची पाळी आली. "मला यातलं काहीच नाही," ती म्हणाली. "माझं किडन्यांवर आलंय."

सगळ्या हळहळल्या. 'माझंही तसंच' मात्र कुणी म्हणालं नाही.

बैठक घेणाऱ्या सिस्टरनी समजावलं, "वंशागणिक हा आजार बराच बदलतो. गोऱ्या लोकांत उन्हाचा त्रास आणि लाल चट्टे जास्त दिसतात. आफ्रिकी, आशियाई वंशाच्या लोकांत किडन्या जास्त वेळा आणि लवकर धरतो. शिवाय गडद कातडीवर लाली लालच दिसेल असं नाही. कधी जांभळट, कधी तपकिरी. म्हणून निसटते."

"म्हणजे पाटी एकच, पण बिऱ्हाडं वेगळी," ती म्हणाली.

"आणि भाडं ज्याचं त्याने भरायचं," बसवाली म्हणाली.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिला रडू फुटलं. धडधाकट माणसांत एकटीने आजारी असण्याची तिला सवय झाली होती. आजारी माणसांतही एकटं पडायला होईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दोन दिवसांनी पोहण्याच्या बाईंचा फोन आला. "फिरायला येतेस? मी दिवस मावळल्यावरच निघते."

"तोवर माझ्यात त्राणच उरत नाही हो, बाई."

"मग कठीणच आहे आपलं," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

औषधांनी वर्षभरात फेस थांबला. किडन्या राहिल्या, पण पूर्वीइतक्या धड नाहीत. दुकानात ती अर्धा दिवस जाऊ लागली. भावाच्या मुलीचं लग्न झालं. तिला फोटो आले, बोलावणं आलं नाही.

एका रविवारी दुपारी बाई तिच्याकडे आल्या. टोपी, हातमोजे, गळ्यापर्यंत बटणं. जिना चढून धापा टाकत होत्या. खोलीत ऊन भरलं होतं. डॉक्टरांनी तिलाही ऊन जपायला सांगितलं होतं, पण दिवसभरात तेवढंच कुणीतरी घरात येतं, म्हणून ती खिडकीपाशी बसायची. तिने उठून पडदा ओढला. तरी फटीतून तिरीप येत होती, तिथे चादर लावली.

"अंधारात बसवलं की गं तुला," बाई म्हणाल्या.

"असू दे. बसा हो निवांत."

चहा झाला. बोलणं थोडंच झालं. बाईंना खुर्चीतच डुलकी लागली. बाहेरचं ऊन उतरेपर्यंत तिने त्यांना उठवलं नाही.