अर्ध्या दिवसाची रजा

सासऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन खाकरले. सुनेने गॅस बारीक केला.

"साहेब, अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. हिला दवाखान्यात न्यायचंय."

"बाबा, हे घर आहे," ती रोजच्यासारखं म्हणाली. "आणि मी साहेब नाही."

"बरं," म्हणून ते वळले.

याच मजल्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. पुढे माणसं आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत फिरकू लागली, इमारत ओस पडली आणि तिच्यात घरं करायचं ठरलं. नकाशा सुनेनेच काढला. खाली दुकानं, पाळणाघर, दवाखाना. मधे कचेऱ्या, वर घरं. आता काखेत कळसा नि गावाला वळसा नको, असं ती बैठकीत मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती. मग हौसेने इथेच घर घेतलं, आणि तिने जिथे ओटा आखला होता तिथेच नेमकी साहेबांची केबिन निघाली.

नवरा शाळेत असतानाच सासूबाई गेल्या होत्या. बाबांची रजा मात्र अजून मंजूर व्हायची होती.

"कानाडोळा कर," नवरा म्हणायचा. त्याचं काय जात होतं? खाकरणं ऐकलं की काटा तिच्या अंगावर यायचा. रोज नाही म्हणणारा साहेब आता तीच झाली होती.

सासरे दोन पावलांवरून परत आले.

"साहेब, फार दुखतंय हो तिला."

तिने गॅस बंद केला.

"जा. आत्ताच जा. दवाखाना खालीच आहे."

त्यांचा चेहरा उजळला. लगबगीने चपला घालून त्यांनी मुलाच्या खोलीचं दार ढकललं. तो लॅपटॉपसमोर मीटिंगमध्ये होता.

"चल रे, साहेबांनी सोडलं. आईला नेऊ."

मुलाने पडद्यावरची नजर न काढता हात वर केला.

"बाबा, पाच मिनिटं थांबा."

सासरे थांबले. मुलाच्या त्या हाताकडे बघत राहिले. मग चपला काढून दाराजवळच्या खुर्चीत बसले. सून धावत आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट, ओळखीने पाहिलं.

"सूनबाई, साहेबांनी तेव्हाही लगेच सोडलं होतं गं. पण हातातलं काम संपवतो, पाच मिनिटं थांब, असं फोनवर तिला मीच म्हणालो."