वहीतली पाच मिनिटं

कोर्टात एवढे बाक रिकामे होते, पण दातांचा डॉक्टर येऊन बसला तो नेमका तिच्याच मागच्या बाकावर. बसल्या बसल्या त्याने घसा खाकरला. आठ महिने एकाच जिन्यावरून जा-ये करताना ते खाकरणं तिच्या इतकं ओळखीचं झालं होतं, की तो जिन्यात आहे की दवाखान्यात, हे ती दार न उघडता सांगू शकली असती.

"चांगल्या घरची माणसं शेजाऱ्याला कोर्टात खेचत नाहीत," तो समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाला.

"चांगल्या घरची कुत्री पोरांचे हात फाडत नाहीत," तीही भिंतीलाच म्हणाली.

"अगं, हळू," नवऱ्याने तिचं कोपर दाबलं. त्याचा जन्म 'हळू' म्हणण्यातच चालला होता.

ती पहिल्या मजल्यावर राहायची. जिन्याच्या पायथ्याशी डॉक्टरच्या दवाखान्याचं दार, आणि दाराशी लांब दोरीवर त्याचा लाडोबा. नाव लाडोबा, देह वासराएवढा. आठ महिन्यांपूर्वी तिच्या चार वर्षांच्या ठकीचा उजवा हात त्याने जबड्यात धरला आणि सुटला तेव्हा दोन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. पहिलं ऑपरेशन झालं, पण बोटं आकड्यासारखी वाकलेलीच राहिली. हातांचे सर्जन म्हणाले, पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत दुसरं करा, नाहीतर ही बोटं अशीच राहतील. पाच पूर्ण व्हायला तीन महिने होते. शिल्लक पहिल्या ऑपरेशनातच संपली होती आणि विमा कंपनीने हात वर केले होते.

डॉक्टरने काय पाठवलं, तर ठकीला लहान मुलांचा रंगीत टूथब्रश. त्यानंतर वकिलामार्फत उत्तर पाठवलं: आमचा कुत्रा अत्यंत प्रेमळ असून आजवर कुणावर भुंकलेलासुद्धा नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. डॉक्टरचे वकील हातात तिचीच वही घेऊन उठले.

ठकी जन्मली त्या दिवसापासून ती वही लिहीत होती. किती वाजता प्यायली, किती झोपली, ताप किती, खोकला कोरडा की ओला. तिच्या वकीलबाईंनी फक्त उपचारांची पानं मागितली होती. पण अर्धवट दिलं तर काही लपवलंय असं वाटेल, म्हणून तिने अख्खी वही देऊन टाकली होती. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला, तोवर वहीच्या प्रती समोरच्या बाजूला पोचल्या होत्या.

"तुम्ही सगळं लिहिता?" वकिलांनी विचारलं.

"हो."

"सगळं म्हणजे अगदीच सगळं. 'सकाळी सव्वासात, शी पातळ.' 'पावणेअकरा, तीनदा शिंकली.'" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कोण ते तिला बघायची गरज नव्हती. "आता घटनेचा दिवस घेऊ. 'चार बारा, चपला घालून खाली निघालो.' त्याच्या खालची नोंद, 'चार सतरा, हाताला टॉवेल गुंडाळून गाडीत.' मधली पाच मिनिटं कुठं गेली?"

"मुलीच्या हातातून रक्त वाहत असताना मी लिहीत बसू?"

"तेव्हा नाही हो. बाकीचं तरी कुठं तेव्हा लिहिलंत? टाके अकरा, हेही घरी येऊन लिहिलंत. कंपाउंडरच्या शर्टाला बटण नव्हतं, हेसुद्धा लिहिलंत! मग आठ महिन्यांत ही पाच मिनिटंच तेवढी सुचली नाहीत?"

तिने ते पान किती वेळा उघडलं होतं, तिलाच ठाऊक. पेन टेकवायची, उचलायची, आणि शेवटी भाजीची यादी लिहायला घ्यायची. घरात प्रत्येकाने विचारलं होतं, कुत्रं कसं काय धावलं? ती सांगायची, दोरी लांब होती. ते खोटं नव्हतंच.

"सरळ विचारतो. लाडोबाने झडप घातली तेव्हा मुलीचा हात कुणाच्या हातात होता?"

वकीलबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. 'आठवत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. नवरा मान पुढे काढून ऐकत होता. माझ्या हातात होता म्हणावं, तर ते पाहणारं कोण होतं? एक ठकी आणि एक कुत्रं. पण उद्या ठकीला विचारलं तर? चार वर्षांचं पोर, जे झालं तेच सांगणार.

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली. "मी सोडला होता."

"का?"

"फोन वाजला. पर्समधून काढायला."

"इतका महत्त्वाचा फोन कुणाचा होता?"

"कर्ज हवंय का, असं विचारणारी बाई होती."

या वेळी कुणी हसलं नाही. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. समोरचे वकील "झालं माझं" म्हणून खाली बसणार, तेवढ्यात डॉक्टर उठून उभा राहिला. त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बघा! मी हेच बोंबलून सांगत होतो! या बाईला दहादा बजावलं होतं मी, पोरीचा हात धरून न्या, लाडोबाला लहान मुलं सोसत नाहीत! मागच्या खेपेलासुद्धा आईचंच लक्ष..."

"बसा," त्याचे वकील दातओठ खात पुटपुटले. "खाली बसा आधी."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "एक मिनिट. मागची खेप म्हणजे?"

डॉक्टर उभाच राहिला. लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्याचा जन्म गेला होता, आता त्याला स्वतःचं मिटता येईना.

"भुंकलेलासुद्धा नाही, असं तुमच्या उत्तरात आहे," न्यायाधीशबाई कागद चाळत म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीनंतर तुमची साक्ष आहे. तेव्हा मीच विचारीन."

सुट्टीत डॉक्टरचे वकील तडजोडीचा कागद घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आले. वकीलबाईंनी तो वाचला आणि तिला बाजूला घेतलं. "रक्कम आपण मागितली त्याहून कमी आहे. तुमच्या त्या उत्तराची किंमत समजा. पण ऑपरेशन आणि नंतरचा बोटांचा व्यायाम, दोन्ही भागतं. पंधरा दिवसांत पैसे हातात. लढायचं तर वर्ष जाईल."

वर्ष ठकीकडे नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं. तेही हळूच.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ दे, आपलीच चूक. आणि गप्प बसायला तुला निमित्तच मिळालं असतं."

त्याने खिशातलं पेन काढून तिला दिलं.

तिने कागद ओळीओळीने वाचला. कुत्र्याला यापुढे जिन्याकडे बांधणार नाही, बाहेर काढताना तोंडाला जाळी. ठीक. रक्कम, तारीख. ठीक. शेवटच्या कलमाशी ती थांबली.

"'उभय पक्षांत यापुढे स्नेहाचे व सलोख्याचे संबंध राहतील.' हे काढा."

"अहो, ते प्रत्येक कागदात असतं," डॉक्टरचे वकील म्हणाले. "शोभेपुरतं."

"शोभा नकोय. या माणसाने माझ्या मुलीला टूथब्रश पाठवला."

"काढा, काढा," खांबापलीकडून डॉक्टर म्हणाला. "मलाही या बाईशी स्नेह नकोय. हात तुम्हीच सोडलात, ते आता कोर्टाच्या कागदावर आलंय. जन्मभर राहील."

"राहू दे," ती म्हणाली. "तुमची मागची खेपही राहील. कुणाचं पोर होतं ते?"

डॉक्टरने कागद तिच्या हातून जवळजवळ हिसकावला, ते कलम आडवं खोडलं आणि बाजूला सही केली. त्याच्या सहीखाली तिने आपली केली. आठ महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

मग ती व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि सर्जनच्या दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीने पुढच्या महिन्यातली तारीख दिली आणि विचारलं, "पेशंटसोबत कोण राहणार?"

"मी. आई," ती म्हणाली, आणि वही अजून आत कोर्टातच होती म्हणून तारीख तळहातावर लिहून घेतली.