बिनआल्याचा चहा

आमचा लॅपटॉप चालू व्हायला वीस मिनिटं लागायची. आमचा म्हणजे माझाच; घरात दुसरं कोणी नाही, पण एकटीनं ‘माझा’ म्हणायचं जिवावर येतं. हे जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग घ्यायला हा जुनाच लॅपटॉप घेतला, आणि मी रिटायर झाले तसा तोही रिटायर झाल्यासारखा वागायला लागला. बटण दाबलं की आधी घरघरायचा, मग काळा पडदा, मग एक गोल फिरत बसायचा. तोवर माझं अंगण झाडून व्हायचं.

दुसऱ्या कोणी डोक्याला हात लावला असता. मला मात्र ती वीस मिनिटं दिवसातली सगळ्यात चांगली वाटायची, कारण ती मी जतनभाभींबरोबर काढायची.

भाभी गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांचे यजमान मदनलाल शेठजी, धान्याचे व्यापारी. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, रुचीनं, धुळ्याच्या किरण पाटलाशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची बंदी झाली. धुळं काय सातासमुद्रापार आहे? बस पारोळ्याला चहाला थांबली तरी दोन-अडीच तासांत माणूस पोहोचतं. पण शेठजींनी नाही म्हटलं म्हणजे नाही. म्हणून भाभी एक दिवसाआड संध्याकाळी ‘दीपमालाबाईंकडे ब्लाऊज टाकायला जाते’ असं सांगून माझ्याकडे यायच्या आणि माझ्या लॅपटॉपवर लेकीशी बोलायच्या. मोबाईलवरचा एवढासा चेहरा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना नीट दिसत नव्हता. तीन वर्षांत त्यांचे एवढे ब्लाऊज मी खरंच शिवले असते, तर नशिराबादपर्यंतच्या बायकांना पुरले असते. शेठजींनी कधी हिशेब कसा केला नाही, देव जाणे.

भाभींना अर्धाच तास मिळायचा. त्यांच्याकडे सूर्य बुडाला की जेवण बंद, पाणीसुद्धा नाही. शेठजी त्याआधी दुकानातून घरी येणार, दोघं बरोबर जेवणार, असा चाळीस वर्षांचा नेम. त्यामुळे वीस मिनिटं लॅपटॉपची वाट बघण्यात जायची आणि रुचीशी बोलायला उरायची दहा. दहा मिनिटांत काय बोलणार? जेवलीस का, खोकला गेला का, जावईबापू बरे आहेत का. झालं.

पण ती आधीची वीस मिनिटं! मी चहा टाकायची. भाभींना आलं चालत नाही, जमिनीखालचं काही त्या खात नाहीत, म्हणून वेलचीचा. आयुष्यभर आल्याशिवाय चहाला हात न लावणारी मी, त्यांच्यापायी बिनआल्याचा प्यायला शिकले. त्या बशीत ओतून प्यायच्या आणि लॅपटॉपकडे बघून म्हणायच्या, “दीपमालाबाई, हे मशीन आहे की बैलगाडी?” मग आम्ही सगळ्या गल्लीची उणीदुणी काढायचो. एकदा मी त्यांना सांगितलं की हे गेले त्या रात्रीपासून मी पंखा बंद करून झोपू शकत नाही, अगदी थंडीतही, आवाज लागतो. त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढं मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही.

मग मला अवदसा आठवली.

एक दिवस रुची काहीतरी सांगता सांगता रडायला लागली आणि भाभींना उठावं लागलं. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, “आज थोडा वेळ पाहिजे होता.” तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गोलाणी मार्केटमध्ये भूपेंद्रकडे गेले. भूपेंद्र माझ्या माहेरच्या गावचा, भडगावकडचा, आणि मला बघितलं की हटकून अहिराणीत बोलतो.

“अक्का, लॅपटॉप चांगला शे,” तो मागचे स्क्रू काढत म्हणाला. “फक्त हार्डडिस्क म्हातारी व्हयनी. एसएसडी टाकी देस. बठ्ठं जसंनं तसं ऱ्हाई.”

त्यानं आतून एक जड डबी काढली आणि तिच्या जागी वहीच्या पुठ्ठ्याएवढी हलकी वस्तू बसवली. जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवलं. बटण दाबलं. मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत पडदा उजळून तयार. मला हसूच आलं. एवढं सोपं होतं तर तीन वर्षं आपण काय करत होतो?

काय करत होतो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

भाभी आल्या, बसल्या, मी ऐटीत बटण दाबलं. दुधाला अजून उकळी यायची होती आणि तिकडे रुचीचा आवाज. “मम्मी, आज इतक्या लवकर?” भाभींनी आनंदानं टाळी वाजवली. मी चहा घेऊन आले तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. चहा तसाच निवत गेला. अर्धा तास मायलेकी बोलत होत्या आणि मी स्वयंपाकघरात, घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. निघताना भाभींनी माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही फार मोठं काम केलं,” म्हणाल्या आणि पळाल्या.

मला वाईट वाटलं. उगाच आडपडदा कशाला, चांगलंच वाईट वाटलं. आपणच आपल्या हातानं खड्डा खणावा आणि वर लोकांनी शाबासकी द्यावी, तसं. त्या येत होत्या, पण माझ्याकडे येत नव्हत्या. माझ्या घरात आता बोलण्याचे आवाज पूर्वीपेक्षा जास्त होते आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. मी चहा नेऊन ठेवायची, थंड कप परत आणायची.

रुचीच्या गोष्टी मात्र आता मोकळ्या होत चालल्या. दहा मिनिटांत जे ओठांवर येत नव्हतं, ते येऊ लागलं. लग्नाच्या दिवशी ती दाराकडे बघत होती. वडील येतील, निदान रागवायला तरी येतील. हे ऐकताना भाभींना वेळेचं भान उरेना. पाच मिनिटं उशीर झाला, मग दहा. मी आतून ओरडायची, “भाभी, ऊन उतरलं!” तेव्हा त्या दचकून उठायच्या.

एका संध्याकाळी मी ओरडलेच नाही. मुद्दाम नाही; शिवता शिवता माझा डोळा लागला होता. फाटकाची कडी वाजली तेव्हा जाग आली. बाहेर काळोखायला लागलं होतं. आणि ओट्यावरून शेठजींचा आवाज आला, “दीपमालाबाई, जतन आहे का?”

भाभी पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी मला हातानं खूण केली, बंद करा, लवकर बंद करा. पडद्यावर रुचीनंही तो आवाज ऐकला होता. तिनं तोंडावर हात ठेवला.

मी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. नुसतं मिटायचं होतं. ‘आहेत की, ब्लाऊजचं माप चाललंय,’ म्हटलं असतं तर शेठजी मागच्या पावली परतले असते. परवा भाभी पुन्हा आल्या असत्या, त्याच्या परवा पुन्हा. पाठ करून का होईना, माझ्या घरात बसल्या असत्या. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं, उगाच भोळेपणाचा आव आणत नाही.

दाराच्या फटीतून शेठजी दिसले. पायात चपला उलट्यासुलट्या. सूर्य बुडाला होता, म्हणजे आता सकाळपर्यंत त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब जाणार नव्हता. ताट समोर ठेवून बायकोची वाट बघत बसलेला आणि शेवटी तसाच उपाशी उठून आलेला म्हातारा माणूस. वाट बघणारं माणूस मला ओळखू येतं.

मी झाकणावरचा हात काढला आणि दार पूर्ण उघडलं. “आत या, शेठजी.”

ते आत आले. आधी भाभींकडे बघितलं, मग पडद्याकडे. रुचीनं त्यांच्या मारवाडीत विचारलं, पप्पा, जेवलात का? शेठजींनी मान हलवली, नाही. आणि खुर्ची शोधत शोधत खालीच बसले, जमिनीवर, माझ्या शिलाई मशीनला टेकून.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

पुढचं सगळं आठ-पंधरा दिवसांत झालं. शेठजी धुळ्याला जाऊन आले. मग रुची आणि किरण इकडे आले. मलाही जेवायला बोलावलं होतं, दिवसाउजेडी. रुची माझ्या पाया पडली आणि हसून म्हणाली, “काकू, तुम्हाला मी तीन वर्षं फक्त मागून पाहिलंय, ट्रे घेऊन आत जाताना.” सगळे हसले. मीही हसले. शेठजींनी आग्रह करकरून मला तिसरा लाडू वाढला. मला खरंच आनंद झाला होता. फक्त घरी येऊन कुलूप उघडताना तो पुरला नाही.

भाभी आता येत नाहीत. त्यांना यायची गरजच काय? रुची दर रविवारी येते, मधल्या दिवसांत शेठजीच फोन लावून देतात, मोठ्या पडद्याचा टॅब आणलाय. भाभी रस्त्यात भेटल्या की “येते हं एकदा निवांत,” म्हणतात. आणि त्या मनापासून म्हणतात, हेच वाईट. खोटं म्हणाल्या असत्या तर मला रागावता तरी आलं असतं.

परवा त्या फाटकाशी दिसल्या, हातात मिठाईची पिशवी. मी ओट्यावरूनच म्हटलं, “भाभी, लॅपटॉप पुन्हा हळू झालाय हो. वीस मिनिटं लावतो.”

साफ खोटं. या वयात.

“अरे रे,” त्या थांबून हळहळल्या. “मग तुम्ही काय करता तेवढा वेळ?”

“बसते,” मी म्हटलं.

त्या जरा माझ्याकडे बघत राहिल्या. फाटकावर हातही ठेवला. मग घराकडून शेठजींनी हाक मारली, रुचीचा फोन आला होता. “शेठजींना सांगते, कोणाला तरी पाठवतील बघायला,” असं म्हणून त्या लगबगीनं गेल्या.

मी आत आले. लॅपटॉप टेबलावर केव्हाच चालू होऊन बसला होता. गॅसवर चहा उकळला होता, सवयीनं दोन कपांचा, सवयीनं बिनआल्याचा. आलं घालायला आता कोणाची हरकत नव्हती. मी तो तसाच गाळला आणि दोन्ही कप मीच प्यायले.