शेवटच्या रकान्यातलं 'नाही'

पंतप्रधानांनी तालीम चौथ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा तिने फोन असा आपटला की समोरच्या कारकुनाच्या कपातला चहा बशीत आला.

"आता काय म्हणे?" त्याने विचारलं.

"पुलाचं उद्घाटन आहे म्हणे. पूल काय पळून जाणार आहे?"

कार्यालयात सगळे तिला तालीममास्तर म्हणत. नाटकवाल्यांचा शब्द, पण चपखल बसला होता. नवा पंतप्रधान आला की पहिल्या पंधरवड्यात त्याला तळघरातल्या खोलीत बसवायचं, बंद पाकिटातून युद्धाचा एखादा काल्पनिक प्रसंग पुढे ठेवायचा आणि भिंतीवरचं घड्याळ सुरू करायचं. तो कुणाला काय विचारतो, किती वेळात काय ठरवतो, हे सगळं टिपायचं. शेवटी सतरा रकान्यांचा एक फॉर्म भरून संसदेच्या समितीकडे धाडायचा. सतरावा रकाना एका ओळीचा होता: 'लष्करी संकटात निर्णय घेण्यास सज्ज आहेत का? हो / नाही.' त्याखाली तिची सही.

या पंतप्रधानांना शपथ घेऊन नऊ आठवडे झाले होते. त्याआधी ते पाणीपुरवठा मंत्री होते. सभा जिंकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण नदीपलीकडच्या शेजाऱ्याने महिन्याभरापूर्वी काठावर तोफा आणून उभ्या केल्या होत्या, आणि तोफा काही भाषणं ऐकत नाहीत. रोज सकाळी ती पाकिटं तपासायची, खोलीतले तिन्ही फोन उचलून बघायची आणि दुपारपर्यंत नवा निरोप यायचा: आज जमत नाही.

पाचव्या वेळी ते आले. एकटे नाही. सोबत सेनाप्रमुख, एक फोटोग्राफर आणि मेव्हणा. मेव्हणा म्हणजे पंतप्रधानांच्या बायकोचा भाऊ. हुद्दा खास सल्लागाराचा होता, पण शिपायापासून सचिवापर्यंत सगळे त्याला पाठीमागे मेव्हणाच म्हणत.

"मॅडम, अर्ध्या तासात आटपा," मेव्हणा म्हणाला. "साहेबांना पुढे कार्यक्रम आहे."

"फोटोवाल्यांना बाहेर बसवा."

"दोनच फोटो."

"एकही नाही."

फोटोग्राफर बाहेर गेला, पण दारातून एक टिपूनच. तिने पाकीट फोडलं आणि प्रसंग वाचून दाखवला. एक अनोळखी विमान सरहद्द ओलांडून आत आलंय, हाकेला उत्तर देत नाही, राजधानीवर पोचायला बारा मिनिटं आहेत. घड्याळ सुरू झालं. फोन वाजले. पलीकडच्या खोलीतून तिची माणसं हवाई दलाचे अधिकारी होऊन बोलत होती.

पंतप्रधानांनी एकदा सेनाप्रमुखांकडे पाहिलं, एकदा मेव्हण्याकडे, आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "पाडा."

घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते.

"बघा!" मेव्हण्याने टाळीच वाजवली. "याला म्हणतात निर्णय."

तिने दुसरं पाकीट फोडलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवून ती वाचू लागली. "प्रवासी विमान. यंत्रणा बंद पडल्यामुळे वाट चुकलेलं. आत एकशे त्रेचाळीस माणसं. विमानतळाच्या टॉवरला विचारलं असतं तर ही माहिती तिसऱ्या मिनिटाला मिळाली असती. टॉवरचा नंबर तुमच्या समोरच्या कागदावर होता."

पंतप्रधान हसले. "बरं झालं, खेळच आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खेळ आहे म्हणूनच ती एकशे त्रेचाळीस माणसं आज घरी जाऊन जेवतील, साहेब. दहा मिनिटं तुमच्या हातात होती. तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. एकसुद्धा!"

सेनाप्रमुख टेबलावरचा पाण्याचा जग न्याहाळू लागले. पंतप्रधानांचा चेहरा लाल झाला. ते उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात दारातला तो फोटो होता. खाली मथळा: 'दोन मिनिटांत ठाम निर्णय, पंतप्रधान सज्ज.' आणि अकरा वाजता मेव्हणा फॉर्म घेऊन तिच्या टेबलापाशी हजर. सोळा रकाने त्याने कुणाकडून तरी सुबक टाइप करून आणले होते.

"फक्त शेवटचं 'हो' आणि तुमची सही. बढतीची फाइलही साहेबांकडेच आहे, योगायोगाने."

तिने पेन घेतलं, 'नाही'भोवती गोल केला, सही ठोकली, आणि तो हां हां म्हणेपर्यंत कागद समितीच्या पेटीत टाकून आली.

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. घर वर, दुकान खाली. "अगं, तुला काय गरज पडली होती? हो लिहिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं?"

"अहो, कुणाचं काय जातं ते मला विचारा," ती म्हणाली आणि ताट सरकवून उठली.

ते त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी ती सैन्याच्या मुख्यालयात वायरलेसवर होती. सात जवानांची एक चौकी वेढली गेली होती. चौकीवरून दर थोड्या वेळाने विचारणा यायची, 'मागे फिरू का?' आणि तिला सांगावं लागायचं, 'थांबा, वर विचारलंय.' वर म्हणजे तेव्हाच्या पंतप्रधानांकडे. खुर्चीत बसून त्यांना तीन आठवडे झाले होते. माघार घेतली तर लोक काय म्हणतील, यावर त्यांची बैठक चालली होती. पन्नास मिनिटांत तिने अकरा वेळा 'थांबा' म्हटलं. बाराव्यांदा तिकडून कुणी विचारलंच नाही.

त्या पंतप्रधानांची चौकशी झाली नाही. पुढे त्यांच्या नावाने एक रुग्णालय उभं राहिलं. तिने मात्र सैन्याची नोकरी सोडली आणि ही धरली.

चार दिवसांनी भर दुपारी तिच्या टेबलासमोर पंतप्रधान उभे राहिले. मागे मेव्हणा नव्हता. कारकून उठून बाहेर पळाला.

"समितीने मला जाब विचारलाय," ते ओरडलेच. "लाखो लोकांनी मला निवडून दिलंय. तुम्ही कोण मला नापास करणाऱ्या?"

"लोकांनी तुम्हाला निवडलं ते घड्याळ चालू असताना नाही." तीही उभी राहिली. "ओरडायचं असेल तर ओरडा. मलाही येतं ओरडता." आणि तिने त्यांना ते अकरा 'थांबा' सांगितले. सांगताना तिचा आवाज कापत होता, रडू येत होतं म्हणून नव्हे, बावीस वर्षांचा राग एका दमात बाहेर पडत होता म्हणून.

पंतप्रधान कारकुनाच्या खुर्चीत बसले. टेबलावरची एक टाचणी उचलून बोटांत फिरवू लागले.

"मग मी लगेच ठरवलं, तेही चुकलं. त्यांनी उशीर केला, तेही चुकलं. म्हणजे करायचं तरी काय?"

"तुम्ही लगेच का ठरवलंत ते आधी सांगा."

"सेनाप्रमुख बघत होते," ते हळूच म्हणाले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना कळू नये म्हणून."

तिला वाटलं, आता तरी आपला राग उतरेल. उतरला नाही. उलट भडकला. "म्हणजे तुमची लाज झाकायला एकशे त्रेचाळीस माणसं? साहेब, न कळणं हा गुन्हा नाही. विचारायला लाजणं हा आहे. पाण्याची लाइन फुटली तर काय करत होतात?"

"आधी विचारायचो. कुठे फुटली, कुठली झडप जवळ आहे, पुढे किती घरं आहेत."

"मग इथेही तेच. काय माहीत नाही, ते कुणाला माहीत असेल आणि थांबायला किती वेळ आहे. दर गुरुवारी सकाळी आठला या. मेव्हण्यांना आणू नका."

ते येऊ लागले. दुसऱ्या तालमीत त्यांनी इतके प्रश्न विचारले की वेळच संपला आणि कागदावरचं एक जहाज बुडालं. तिने पुन्हा 'नाही' लिहिलं. तिसऱ्यांदा सेनाप्रमुखांच्या आवाजाला बिचकून त्यांनी आधीचा योग्य हुकूम फिरवला. 'नाही.' चौथ्यांदा बरं जमलं, पण एकदा बरं जमणं म्हणजे सज्ज होणं नव्हे. पुन्हा 'नाही.' दर वेळी ती त्यांना फाडून खायची, दर वेळी ते तोंड पाडून जायचे आणि पुढच्या गुरुवारी परत यायचे.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेदहाला खरा फोन वाजला.

दाट धुक्यात आपल्या सहा जवानांची गस्तीची बोट नदी ओलांडून पलीकडच्या काठाला लागली होती. शेजाऱ्यांच्या सैन्याने तिला तिन्ही बाजूंनी घेरलं होतं. तळघरात ती नोंदवही घेऊन भिंतीशी बसली होती. बोलायची तिला मुभा नव्हती.

"तोफा सुरू करू या," सेनाप्रमुख म्हणाले. "त्या गोंधळात आपली पोरं निसटतील."

"निसटतील याची खात्री किती?" पंतप्रधानांनी विचारलं.

"युद्धात खात्री नसते, साहेब."

"तोफा डागल्यावर त्यांच्या तोफा गप्प बसतील का?"

"नाही."

"आपल्या काठावर गावं किती?"

"चार."

"जवान वायरलेसवर आहेत? ते काय म्हणतायत?"

सेनाप्रमुखांनी एका अधिकाऱ्याकडे पाहिलं. "आदेश विचारतायत," अधिकारी म्हणाला. "तीनदा विचारलं."

तिच्या हातातलं पेन थांबलं. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

"त्यांना सांगा," पंतप्रधान म्हणाले, "शस्त्रं खाली ठेवा, हात वर करा. हुकूम माझा आहे, माझं नाव घेऊन सांगा. आणि पलीकडच्या पंतप्रधानांचा फोन लावा. वाट चुकली म्हणून मीच सांगतो."

"देश तुम्हाला माफ करणार नाही," सेनाप्रमुख म्हणाले.

"करू नये. आधी हुकूम द्या."

सहाच्या सहा जिवंत पकडले गेले. पाचला टीव्हीवर हात वर केलेल्या जवानांची चित्रं दिसली आणि सहाला रस्ते पेटले. चौकात पंतप्रधानांचा पुतळा जाळला गेला. ती खालच्या दुकानात आली तेव्हा काउंटरपाशी एक गिऱ्हाईक तावातावाने बोलत होतं आणि नवरा मान डोलवत होता.

"भित्रा निघाला हो! शरण जा म्हणाला आपल्या पोरांना. लढून मेले असते तर नाव तरी झालं असतं."

"तुमच्या घरचं आहे कुणी त्या सहांत?" तिने विचारलं.

"नाही, पण देशाची इज्जत..."

"मग मरायला दुसऱ्यांची पोरं कशाला पाठवता? त्या पलीकडे नदी आहे. बोट देते मी. जा!"

गिऱ्हाईक चष्मा न घेताच निघून गेलं. "अगं, काय हे!" नवरा म्हणाला. तळघरात काय घडलं ते बोलायची तिला बंदी होती. ती त्याच्याकडे नुसती पाहत राहिली, इतका वेळ की त्याने मान खाली घालून टीव्ही बंद केला.

सकाळी तिने नवा फॉर्म काढला. सोळा रकाने नोंदवही समोर ठेवून भरले आणि सतराव्यात 'हो'वर गोल केला.

बारा वाजता मेव्हणा आला. पक्षाने वारं ओळखलं होतं. पंतप्रधानांना हटवायचं ठरत होतं आणि मेव्हण्याने नव्या घरोब्याची तयारीही चालवली होती.

"मॅडम, तुम्हीच बरोबर होतात," तो खुर्ची ओढत गोडीत म्हणाला. "चार वेळा नाही लिहिलंत. हा पाचवाही तसाच असू दे. समितीला सोपं जाईल."

"तुमच्या बहिणीचे यजमान आहेत ते."

"नाती घरात."

ती उठली. तिने खुर्ची त्याच्या खालून ओढली नाही एवढंच. "त्या दिवशी एकशे त्रेचाळीस माणसं मारली, तेव्हा तुम्हाला 'हो' हवं होतं. काल सहा वाचवली, तर 'नाही' हवंय. तुम्हाला सज्ज माणूस कशाला म्हणतात हे बघायचंच नाही! तुम्हाला फोटो हवाय. निघा इथून. निघा म्हणते ना!"

तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला. मेव्हणा निघाला तेव्हा व्हरांड्यात कारकून, शिपाई, सचिवांचे दोन साहाय्यक असे सगळे उभे होते आणि त्याला वाट देताना कुणी नमस्कार केला नाही.

तिची बढतीची फाइल पुढे कधी सापडली नाही. पंतप्रधानांवर अविश्वास ठराव आला आणि ते दोन मतांनी तरले. एकोणीस दिवसांनी सहा जवान पूल ओलांडून परत आले. टीव्हीने ते अर्धा मिनिट दाखवलं. तिने उभ्यानेच सहा डोकी मोजली, दोनदा मोजली.

त्या गुरुवारी पंतप्रधान तालमीला वीस मिनिटं उशिरा आले. डोळे सुजलेले, कोट चुरगळलेला.

"सगळा देश शिव्या घालतोय," ते म्हणाले. "तुम्ही तरी आज सोडा."

"साहेब, तोफा अजून पलीकडच्या काठावरच आहेत," ती म्हणाली. "वीस मिनिटं कुठे होतात? बसा आधी."

ते बसले. तिने पाकीट फोडलं.