दसऱ्यानंतर घटलेले दोन सेकंद

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. भिंतीवरची घड्याळे किती वाजले ते सांगतात. मी तसले काही सांगत नाही. कोण किती वेळात धावले, एवढेच मला कळते. आत्मवृत्त सांगणारे सगळेच आधी आपला मोठेपणा सांगतात. मीही थोडा सांगणार आहे, कारण तो मोह मला आवरत नाही. पण खरे सांगायचे तर मी आज बोलते आहे ते एका चुकीमुळे. माझ्यामुळे एका मुलीचे नुकसान झाले आणि ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

माझे अंग निकेलचे आहे आणि तबकडी पांढरी. तिच्यावर तीनशे बारीक खुणा आहेत, म्हणजे एका सेकंदाचे पाच भाग. माझ्यात सेल नाही. डोक्यावरची किल्ली पिळली की आतली स्प्रिंग घट्ट होते आणि तीच किल्ली दाबली की मी धावू लागते. कारखान्यातून निघाल्यावर मी सहा महिने एका दुकानाच्या काचेत पडून होते. तिथून मला हैदराबादच्या जामबागेजवळच्या एका मराठी शाळेने विकत घेतले. मुख्याध्यापकांनी मला ज्यांच्या हातात दिले, ते देवराव सर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. नवी नोकरी, नवी शिट्टी आणि नवी मी, असा आमचा थाट होता.

सर मला लाल गोफात ओवून गळ्यात घालत. आंतरशालेय स्पर्धेत दोन घड्याळांत फरक पडला, की इतर शाळांचे मास्तर म्हणत, "देवराव की घडी देखो जी, वो झूठ नै बोलती." हे ऐकून मी फुगून जायचे. पुढे बटणांची, आकडे उजळणारी घड्याळे आली. सगळ्यांनी ती घेतली, पण सरांनी मला सोडले नाही. "त्या डब्यांत जीव नसतो," असे ते म्हणत. पूर्वी दर पावसाळ्यानंतर ते मला गौलीगुड्याच्या घड्याळजी मस्तानचाचांकडे नेत. चाचा मला उघडून, पुसून, सुईच्या टोकाने तेल देत. मग ते दोन वर्षांतून एकदा झाले. त्यापुढची तीन वर्षे तर झालेच नाही. सर निवृत्तीला आले होते, गुडघे दुखत होते, आणि मी चालत तर होतेच.

आता त्या दोघींविषयी सांगते. रेणुका आमच्या शाळेची, नववीतली. भाग्यलक्ष्मी नारायणगुड्याच्या एका शाळेतली, तीही नववीतच. तिच्या शाळेत धावणे शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून ती रोज पहाटे आमच्या मैदानावर यायची. सर तिला कधी परकी म्हणाले नाहीत. दोघींची शर्यत एकच, आठशे मीटर. आमच्या मैदानाच्या चार फेऱ्या.

मित्रांनो, आठशे मीटर ही मोठी अवघड शर्यत आहे. दम राखून धावावे तर पुढची निघून जाते आणि सुरुवातीलाच सुसाट सुटावे तर शेवटी पाय उचलत नाहीत. रेणुका सुसाट सुटणाऱ्यांतली. पहिल्या दोन फेऱ्यांत ती अशी काही पळायची की बघणारे टाळ्या वाजवायचे. तिसऱ्या फेरीला तिचे खांदे कानापर्यंत चढायचे. भाग्यलक्ष्मी मात्र मागे राहायची, चेहऱ्यावर काही दिसू द्यायची नाही, आणि शेवटच्या दोनशे मीटरला अशी यायची की रेणुकाला तिचा श्वास मानेवर जाणवायचा. सर दोघींच्या वेळा एका वहीत समोरासमोर लिहीत. एक दिवस ही पुढे, एक दिवस ती. शाळेत पैजा लागत. शिपायापासून गणिताच्या बाईंपर्यंत प्रत्येकाचे मत ठरलेले होते.

त्या वर्षी या तुलनेला फार महत्त्व आले होते. विभागातून आठशे मीटरसाठी एकच मुलगी निवडली जाणार होती. राज्य स्पर्धेत धावलेल्या मुलींनाच पुढे क्रीडा वसतिगृहाच्या चाचणीला बोलावतात, आणि तिथे नववीनंतर घेत नाहीत. भाग्यलक्ष्मीच्या वडिलांनी तिला सांगून ठेवले होते, की हॉस्टेल मिळाले तर पळ, नाही तर दहावीला बूट कपाटात. ते बस दुरुस्त करणारे मिस्त्री होते, आणि एकदा बोललेला शब्द फिरवण्यातले नव्हते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या शाळेत खेळाच्या सामानाची पूजा होते. गोळा, थाळी, भाला, उडीचा बांबू, सगळे एका सतरंजीवर मांडतात. मी मधोमध, पाटावर. सर स्वतः पूजा करतात. मला पुसायला मस्तानचाचा नव्हते, पण पूजेला सर होते. त्यांनी मला हळद वाहिली, कुंकू वाहिले, आणि त्या वर्षी मन भरून आले होते म्हणून जरा जास्तच वाहिले. नारळ फोडला आणि त्याचे पाणी सगळ्यांवर शिंपडले. "या वर्षी पोरींना यश दे," असे ते हात जोडून म्हणाले. माझी किल्ली जुनी झाली होती, तिच्याभोवती फट पडली होती. त्या फटीतून नारळाच्या पाण्याबरोबर चिमूटभर कुंकू माझ्या आत उतरले.

मला लगेच कळले. सेकंदकाटा फिरवणारे जे चाक मिनिटाला एक फेरी घेते, त्याच्या एका दातात ते कुंकू वाळून बसले. काटा विसाच्या आकड्यापाशी आला की मी अडखळायचे. फार नाही, पाऊण-एक सेकंद. तेवढ्या वेळात मुलगी तीन पावले पुढे जाते आणि मी मात्र तिथेच उभी. दोन मिनिटे वीस सेकंदांपलीकडे चालणाऱ्या शर्यतीत मी तीनदा अडखळायचे, म्हणजे सव्वादोन-अडीच सेकंद खाऊन टाकायचे.

सरांना काय दिसले? दसऱ्यानंतर दोघींच्या वेळा दोन-दोन सेकंदांनी कमी झाल्या! ते वही घेऊन मुख्याध्यापकांकडे धावले. "पूजा पावली बघा," म्हणाले. भाग्यलक्ष्मी दोन पंचवीस, रेणुका दोन सव्वीस. मैदानावर पेढे वाटले गेले आणि सरांनी मला कपाळाला लावले. मित्रांनो, त्या क्षणी मी थांबायला हवे होते. स्प्रिंगवर थोडा जोर दिला असता तर ते चाक कायमचे अडकले असते आणि मी बंद पडले असते. पण बंद पडलेल्या घड्याळाचे काय होते ते मी शाळेच्या अडगळीत पाहिले आहे. मी भ्याले. आणि खोटे कशाला बोलू, मला ते कपाळाला लावणे फार आवडले.

विभागीय निवडीच्या दिवशी आमच्याच मैदानावर बारा मुली आल्या. मैदान अरुंद, म्हणून सहा-सहा जणींच्या दोन हीट ठरल्या. दोन्ही मिळून जिची वेळ सर्वांत कमी, तिची निवड. वेळ घ्यायला विभागाच्या पद्मावती मॅडम होत्या, नव्या बटणांच्या घड्याळासह. पहिल्या हीटमध्ये भाग्यलक्ष्मी धावली. तिसऱ्या फेरीपर्यंत ती नेहमीसारखी मागे, आणि मग शेवटच्या वळणावर अशी सुटली की मी सरांच्या गळ्यात असूनही उडाले. मॅडमनी वेळ वाचली, दोन मिनिटे सत्तावीस सेकंद आणि चार दशांश.

भाग्यलक्ष्मीचा चेहरा उतरला. सरावात पंचवीस यायचे आणि आज सत्तावीस! ती खाली बसली. ती आयुष्यातली तिची सगळ्यांत चांगली शर्यत धावली होती, आणि हे तिथे फक्त मला माहीत होते.

दुसऱ्या हीटला मॅडमचे घड्याळ उजळेना. सेल संपला होता. त्या म्हणाल्या, "देवराव सर, आपकी घडी से लेलेंगे क्या?" सरांनी अभिमानाने मला गळ्यातून काढले. किल्ली पिळताना त्यांच्या बोटांना ती थोडी जड लागली असेल, पण त्यांनी लक्ष दिले नाही. ही माझी दुसरी संधी होती. मी बंद पडले नाही. रेणुका सुटली. वीस सेकंदांना मी अडखळले. एक मिनिट वीसला अडखळले. दोन मिनिटे वीसला, ती शेवटच्या सरळ पट्ट्यावर दात आवळून येत असताना, पुन्हा अडखळले. सरांनी किल्ली दाबली आणि मोठ्याने वाचले, "दोन सव्वीस आणि सहा!"

रेणुकाला मुलींनी उचलून घेतले. भाग्यलक्ष्मीने तिथे येऊन तिचा हात हातात घेतला, मग बूट काढले, पिशवीत घातले आणि अनवाणीच फाटकातून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मैदानावर आली नाही. त्यानंतरही आली नाही.

राज्य स्पर्धा गच्चीबावलीच्या मोठ्या मैदानावर झाली. तिथे माणसे वेळ घेत नाहीत, यंत्रे घेतात. रेणुका नेहमीसारखी धावली आणि फलकावर आकडे आले, दोन एकोणतीस आणि तीन. ती शेवटून दुसरी आली. परतीच्या बसमध्ये सर तिची समजूत घालू लागले, मोठ्या मैदानाचे दडपण येतेच, वगैरे. रेणुका खिडकीबाहेर बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "सर, मी घाबरले नव्हते. त्या दिवशी बी मी असंच धावले होते. इतकंच. पायाला कळतंय की."

सरांनी मला शर्टाच्या आतून बाहेर काढले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन मस्तानचाचांकडे गेले.

चाचांनी डोळ्याला भिंग लावले, माझी पाठ उघडली आणि चिमट्याने एक लालसर खडा काढून कागदावर ठेवला. "सर, इसमें तो कुंकू जम को बैठा है," ते म्हणाले. "हर मिनट को रुक रई थी ये. किने डाला?"

"मी," सर म्हणाले. मग चाचांना कळावे म्हणून पुन्हा म्हणाले, "मैं डाला, चाचा. पूजा में."

चाचा हसले नाहीत. "फूल चढाओ सर, मना किने करा? पन पैले मेरे पास लाना था ना."

सरांनी त्याच दिवशी विभागाच्या सचिवांना पत्र लिहिले आणि काही लपवले नाही. चार दिवसांनी उत्तर आले. निवड होऊन दोन महिने झाले, राज्य स्पर्धा झाली, वसतिगृहाच्या चाचणीची यादीही गेली, आता काही करता येत नाही. नियमाने ते बरोबरच होते.

त्या संध्याकाळी सर आणि रेणुका भाग्यलक्ष्मीच्या घरी गेले. दहावीची पुस्तके आधीच आणून तिच्या वडिलांनी टेबलावर रचली होती. सरांनी मला त्या पुस्तकांशेजारी ठेवले. साठीला आलेला तो माणूस चौदा वर्षांच्या मुलीसमोर उभा राहिला, बसा म्हटले तरी बसला नाही.

"बेटा, तेरी घडी सही थी. मेरी घडी खराब थी, और वो मेरे हात से खराब हुई. जाना तेरे को था."

रेणुकाने राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र पुढे केले. "ये तेरा है. मेरे को नक्को."

भाग्यलक्ष्मीने ते वाचले आणि परत दिले. "तेरा नाम है इस पे. भागी तू." मग ती सरांकडे वळली. मला वाटले ती आता वसतिगृहाचे विचारेल, रागावेल, मला उचलून भिंतीवर मारेल. तसे झाले असते तर बरे झाले असते.

"निजमा, सर? खरंच?" आधी तिच्या तोंडून तेलुगूच निघाले, मग सरांची भाषा आपल्याला येते हे दाखवायला तिने तो एक मराठी शब्द पुढे जोडला. "तो मैं गलत नै भागी थी?"

"नै बेटा. उससे अच्छा तू कब्बी नै भागी."

तेव्हा ती रडली. "दो महीने से सोचरी मैं, आखरी चक्कर में पैले काय को नै निकली. रोज सुबे उठ को वोइच सोचरी." तिचे वडील दारात उभे होते. ते टेबलापाशी आले आणि त्यांनी पुस्तकांचा ढीग उगाचच नीट केला.

मित्रांनो, जागा गेली हे तर वाईटच. पण माझा दोष त्या मुलीने स्वतःच्या अंगावर घेतला, आपल्या धावण्याचीच तिला शंका आली, हे मला जास्त टोचते. आता मी अगदी अचूक चालते. सर दर महिन्याला मला चाचांकडे नेतात आणि माझ्याबरोबर दुसरे घड्याळही लावतात. रेणुका धावते, पण पहिली फेरी संपली की फाटकाकडे बघते. भाग्यलक्ष्मी अजून आलेली नाही.

तुमच्या घरी, शाळेत, प्रयोगशाळेत माझ्यासारखी मोजमाप करणारी वस्तू असेल तर तिला हार घाला, पण तिच्या आतही बघा. आणि कोणाची कोणाशी तुलना करायची वेळ आली, तर आधी तुमचे माप तपासून घ्या, कारण ते चुकले तर शिक्षा मापाला होत नाही. आणखी एक. आपल्यात काहीतरी अडते आहे हे कळत असेल, तर कौतुकाच्या मोहाने माझ्यासारखे चालत राहू नका. मी त्या दिवशी किल्ली पिळताच बंद पडले असते, तर कोणीतरी नाक्यावरच्या दुकानातून पद्मावती मॅडमच्या घड्याळाला सेल आणला असता. दुसरी हीट अर्धा तास उशिरा सुटली असती, बाकी काही झाले नसते.