आखाजीची चिंचवणी

आरतीने चिंचेचा कोळ पिळून गाळला आणि त्यात गूळ कुस्करला. किती, ते पाहिले नाही. आजीला तिच्या आजीने शिकवले, आजीने आरतीला. मापाचे भांडे त्या बायकांना कधी लागलेच नाही. वेलची घालून उकळायचे आणि शिजलेल्या शेवयांवर ओतायचे, झाली चिंचवणी. अगदी गरिबाघरचा पदार्थ, पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या पानात तोच लागे.

यंदा पितरांत आजी होती. मैनाबाईला जाऊन सहा महिने झाले होते, आणि तिच्या नावाची घागर भरायची नाही असे ठरले होते.

“आबानं पाह्यली का पुन्हा तेच रडणं,” आरतीचे वडील मोतीराम सकाळी म्हणाले होते. “मले नाही पाह्यवत.”

आजोबांना, शालिकरामांना, काही म्हणता काही आठवत नसे. बायको गेल्याचे सांगितले की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऊर फुटेस्तोवर रडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत, “मैनी कुठी गेली?” चारदा असे झाल्यावर सगळ्यांनी एकच उत्तर धरले. अकोटला, बहिणीकडे. तेवढ्यावर म्हातारा शांत राही.

आरतीचा जीव मात्र तुटत होता. पहिल्या आखाजीला मेलेले माणूस पाण्याची वाट पाहते, हे आजीच सांगायची. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या घागरी भरलेल्या बाईला या वैशाखात कुणी घोटभर पाणी देऊ नये? नांदगाव पेठेतल्या कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी काढून ती त्यासाठीच आली होती.

वडील बाहेर पडताच तिने मागच्या अंगणात नवी घागर भरून ठेवली, वर खरबूज ठेवले, पुढे पत्रावळ मांडली. तिथे तिचा हात थांबला. घास ठेवायचा तो घरच्या पुरुषाने, अशी त्यांची रीत. आता कुणाला सांगणार? ती चिंचवणीची वाटी घेऊन तशीच बसून राहिली.

“गुळाचा वास आला.”

भिंत धरत धरत आजोबा आले होते.

“कोनाची घागर मांडली वं?”

“तुमच्या मायची, आबा.”

म्हाताऱ्याने खाली बसून हात जोडले. मग इकडेतिकडे पाहिले.

“अन् मैनी? सासूच्या घागरीले सुनेचा हात नको लागाले?”

“अकोटले गेली ना ते.”

“आखाजीले? सणासुदीचं काहून जाऊ देलं तिले?”

आरतीने वाटी त्यांच्याच हातात दिली. पितरांच्या आधी! कळेपर्यंत वाटी त्यांच्या नाकाशी गेली होती.

“हे तर मैनीच्या हातचं हाय,” ते म्हणाले. “करून ठेवून गेली काय?”

“हो, आबा.”

“अन् खाल्लं का तिनं?”

आरतीने मान हलवली. नाही.

“तशीच हाय ते. मी जेवल्याबिगर कधी घास नाही घेतला तिनं.” म्हातारा वाटीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाला पाणी सुटले होते, हे आरतीला दिसत होते. “आज तिचं आधी होऊ दे.”

त्यांनी शेवयांचा एक घास उचलला, पत्रावळीवर ठेवला. मग दुसरा. मग सगळी वाटीच तिथे रिकामी केली.

“उनाची येईन ते. पानी बी ठेव जवळ.”

आरतीने खरबूज उतरवले, घागरीतून तांब्या भरला आणि पत्रावळीशेजारी ठेवला. तिचे डोळे वाहत होते. तिने ते पुसले नाहीत.

मोतीराम मागच्या दारात केव्हा येऊन उभे राहिले, दोघांनाही कळले नाही. त्यांनी चपला काढल्या.